थंड हवेचा मोह, धुळीचा हिशेब

एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे ९,००० लिटर हवा लागते. वजनात सांगायचं तर पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग. पंपावर गेलो की आपण मीटर शून्यावर आहे ना ते बघतो, पेट्रोलमध्ये भेसळ तर नाही ना याची चौकशी करतो. पण त्याच्या जवळजवळ पंधरापट वजनाची हवा इंजिन कुठून ओढतं, ती किती तापलेली असते, तिच्यातली धूळ कुठे अडते, हे बहुतेक गाडीमालकांनी कधी बघितलेलं नसतं. जे बघतात त्यांच्यातल्या काहींना मग एक मोह पडतो. कंपनीनं दिलेला काळा प्लास्टिकचा डबा काढायचा आणि त्या जागी चकचकीत पाइप व त्याच्या टोकाला शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवायचा. हाच बाजारातला कोल्ड एअर इनटेक. पुण्या-मुंबईच्या ॲक्सेसरीवाल्यांकडे त्याला वर्षानुवर्षं मागणी आहे. आयात केलेल्या बऱ्या किटला वीस-पंचवीस हजार रुपये सहज लागतात, आणि विकताना ताकद, पिकअप, ॲव्हरेज अशी सगळीच आश्वासनं दिली जातात. त्यातलं खरं किती, आणि आपल्या हवेत, आपल्या रस्त्यांवर त्याची किंमत काय पडते, हे नीट तपासून बघायला हवं.

कल्पना अमेरिकेतली आहे आणि ती एका खऱ्या अडचणीतून निघाली. १९६० च्या दशकात तिथल्या मोठ्या व्ही-८ इंजिनांवर मधोमध कार्बोरेटर असे आणि त्याच्या डोक्यावर मोठा गोल एअर क्लीनर. तो बॉनेटखालची, एक्झॉस्टच्या नळ्यांवरून तापून आलेली हवा ओढायचा. इंजिन जितकं मोठं तितकं बॉनेटखाली गरम, आणि तीच गरम हवा पुन्हा इंजिनाच्या पोटात. हे थांबवण्यासाठी १९६६ साली ओल्ड्समोबिलनं ४४२ या मॉडेलच्या डब्ल्यू-३० पॅकेजमध्ये पुढच्या बंपरपासून कार्बोरेटरपर्यंत जाड नळ्या आणल्या. पॉन्टिॲकनं ‘रॅम एअर’ आणलं, १९६९ च्या मस्टँगवर बॉनेट फोडून वर आलेला ‘शेकर’ दिसू लागला. त्याच १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड इथे केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडॉनल्ड यांनी के अँड एन ही कंपनी काढली. तेल लावलेल्या सुती जाळीचा, धुऊन पुन्हा वापरायचा त्यांचा फिल्टर पुढे जगभर गेला. नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी होंडा सिव्हिकसारख्या लहान गाड्या हातात घेतल्या, तेव्हा लांब पाइप थेट बंपरच्या मागे, चाकाच्या पुढच्या पोकळीत उतरवण्याची पद्धत रूढ झाली. पाइप आखूड ठेवून फिल्टर बॉनेटखालीच उघडा सोडणारा स्वस्त प्रकारही त्याच बाजारात वाढला. आपल्याकडे ‘कोल्ड एअर’ म्हणून विकलं जातं त्यातलं बरंचसं या दुसऱ्या प्रकारचं असतं, आणि त्यात थंड असं काही नसतं.

ज्या गाड्यांसाठी हा उपाय निघाला, त्यांना तो खरोखर लागू पडला. नंतर कारखान्यांनीच तो उचलला. आज रस्त्यावरच्या बहुतेक साध्या हॅचबॅकचं बॉनेट उघडून बघा. एअर फिल्टरच्या डब्यातून निघालेली चपटी सोंड पुढे, रेडिएटरच्या वरच्या पट्टीपर्यंत, ग्रिलच्या मागे गेलेली दिसेल. ती बाहेरचीच हवा घेते. म्हणजे कंपनीची गाडी शोरूममधून निघते तीच कोल्ड एअर इनटेक घेऊन. या विषयात बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं राहावं, कारण विक्रेत्याची तुलना नेहमी ‘बॉनेटखालची गरम हवा’ आणि ‘बाहेरची थंड हवा’ यांच्यात असते. आपल्या गाडीत ती तुलना मुळात लागूच होत नाही.

आता आकडे. बाहेर ३५ अंश सेल्सियस आणि बॉनेटखाली ६० अंश धरले, तर बाहेरची हवा साधारण ८ टक्क्यांनी अधिक दाट असते. पण दाटपणा ८ टक्के वाढला म्हणून ताकद ८ टक्के वाढत नाही. आत येणारी हवा तापलेल्या मॅनिफोल्डला आणि सिलिंडरच्या भिंतींना लागून पुन्हा तापते. म्हणूनच इंजिनाची ताकद मोजताना हवामानाची सूट देण्याचं जे प्रमाण सूत्र अमेरिकन वाहन अभियंते वापरतात, त्यात तापमानाचं वर्गमूळ घेतलेलं आहे. त्या सूत्रानं हे २५ अंश म्हणजे जेमतेम ४ टक्के. ८३ अश्वशक्तीच्या स्विफ्टमध्ये सव्वातीन अश्वशक्ती. आणि तेही इंजिन आधी पूर्णपणे बॉनेटखालची हवा ओढत असेल तर. चालत्या गाडीत कंपनीच्या सोंडेतून येणारी हवा बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंशांनीच गरम असते असं धरलं, तर मिळवायला उरतो तो एक टक्काही नाही. पाऊण अश्वशक्ती. मागच्या सीटवर एक माणूस जास्त बसला तर गाडीला जो फरक पडतो, त्याहून हा लहान.

तुलनेसाठी घाटाचा विचार करा. मुंबईहून महाबळेश्वरला पोहोचेपर्यंत, म्हणजे साधारण १,३५० मीटर वर चढेपर्यंत, हवा सुमारे १२ टक्क्यांनी विरळ होते. टर्बो नसलेलं प्रत्येक इंजिन तिथे तेवढं थकतं. कोणताही पाइप ते भरून काढत नाही.

उघडा फिल्टर बॉनेटखाली सोडला तर प्रकरण उलट जातं. सिंहगड रोडवर किंवा घोडबंदर रोडवर गाडी ट्रॅफिकमध्ये रखडली की बॉनेटखालची हवा तापत जाते आणि तीच फिल्टरमध्ये शिरते. इंजिनाचा कॉम्प्युटर आत येणाऱ्या हवेचं तापमान सतत बघत असतो. ते वाढलं की नॉकिंग टाळण्यासाठी तो ठिणगीची वेळ मागे ओढतो आणि गाडी आणखी मंद होते. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात, बाहेरच ४५ अंश असताना, हे दिवसभर चालतं. ज्या किटमध्ये फिल्टरभोवती झाकणासह बंदिस्त डबा नाही आणि पुढून हवा आणणारी वेगळी वाट नाही, तो किट घेऊ नये. यात दुसऱ्या मताला जागा आहे असं मला वाटत नाही.

दुसरा दावा अडसराचा. कंपनीचा फिल्टर दाट, वाट अरुंद, म्हणून इंजिनाचा श्वास कोंडतो, असं सांगतात. यात तथ्य आहे, पण फार थोड्या क्षणांपुरतं. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर सर्वांत मोठा अडसर मुद्दाम बसवलेला असतो, तो म्हणजे थ्रॉटलची झडप. रोजच्या चालवण्यात ती थोडीशीच उघडी असते, आणि मागे फिल्टर कितीही मोकळा असला तरी इंजिनाला मिळणारी हवा ती झडपच ठरवते. पाय पूर्ण दाबलेला आणि इंजिन वरच्या फेऱ्यांत फिरत असेल तेव्हाच फिल्टरचा अडसर जाणवू लागतो. १.२ लिटरचं इंजिन मिनिटाला ६,००० फेरे करताना सुमारे ३,००० लिटर हवा ओढतं, तिथे वाट मोकळी असल्याचा फायदा आहे. पण आपल्यापैकी कितीजण आठवड्यातून एकदा तरी ६,००० फेऱ्यांपर्यंत जातात?

हा अडसर घरच्या घरी मोजताही येतो. इंग्रजी ‘यू’च्या आकारात वाकवलेली पारदर्शक नळी घ्यायची, तिच्यात रंगीत पाणी भरायचं, एक टोक फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनाकडच्या, पाइपमध्ये छोट्या छिद्रातून जोडायचं आणि दुसरं टोक मोकळं ठेवायचं. नळीच्या बाजू पुरेशा उंच हव्यात, नाहीतर पाणी इंजिनात जाईल. पूर्ण थ्रॉटलवर दोन्ही बाजूंच्या पाण्यात १० सेंटिमीटरचा फरक पडला, तर अडसर वातावरणाच्या दाबाच्या एक टक्का. फिल्टर काढून तीच चाचणी केली की त्यातला फिल्टरचा वाटा किती आणि पाइपचा किती तेही कळतं. वीस हजार खर्च करण्याआधी शंभर रुपयांच्या नळीनं हे बघून घेणं शहाणपणाचं आहे.

वेगानं हवा आपोआप आत कोंबली जाते, हा ‘रॅम’चा दावा तर फारच लोकप्रिय. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या वाऱ्याचा पूर्ण दाब पकडला तरी तो वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतो. वेगाच्या वर्गानं तो वाढतो, म्हणून ताशी २५० च्या पुढे धावणाऱ्या शर्यतीच्या मोटरसायकलींना त्याचा उपयोग आहे. आपल्या महामार्गावरच्या गाडीला नाही.

ॲव्हरेजच्या दाव्याबद्दल एक चांगली चाचणी उपलब्ध आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यासाठी ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं २००९ साली फिल्टर मुद्दाम कोंदवून गाड्या चालवून पाहिल्या. फ्युएल इंजेक्शनच्या आधुनिक पेट्रोल गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरमुळे इंधनाचा खर्च वाढला नाही, कारण कॉम्प्युटर हवेच्या प्रमाणातच पेट्रोल सोडतो. फरक पडला तो वेग घेण्यात, ६ ते ११ टक्क्यांचा. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत मात्र इंधनातही २ ते ६ टक्क्यांचा फरक दिसला. म्हणजे पूर्ण तुंबलेला फिल्टर बदलूनही आजच्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज वाढत नाही. मग स्वच्छ कागदी फिल्टर काढून सुती बसवल्यानं ते कुठून वाढणार? याच चाचणीची दुसरी बाजूही घ्यायला हवी: ज्यांच्या गाडीचा पिकअप गेला आहे त्यांना तो बहुधा काही शे रुपयांच्या नव्या कागदी फिल्टरनं परत मिळेल.

टर्बो गाड्यांचं गणित थोडं वेगळं आहे आणि तिथे या किटच्या बाजूनं बोलण्यासारखं काही आहे. चाकणला तयार झालेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय ही महाराष्ट्रातल्या हौशी मंडळींची लाडकी गाडी. १.२ लिटरचं इंजिन, १०५ अश्वशक्ती, आणि टर्बो असल्यामुळे सॉफ्टवेअर बदलून बरंच काही काढता येण्याजोगी. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती खूप तापते आणि मग इंटरकूलर तिला थंड करतो. त्यामुळे सुरुवातीची हवा पाच अंशांनी थंड असली तरी तो फरक पुढे बराचसा पुसला जातो. अडसर कमी झाला की टर्बोला तेवढाच दाब कमी कष्टात देता येतो. पण कॉम्प्युटरनं ठरवलेली ताकद तेवढीच असल्यामुळे तो जादा वायू वळवणारी वेस्टगेट झडप थोडी जास्त उघडतो आणि चालवणाऱ्याला विशेष काही मिळत नाही. सॉफ्टवेअर बदलून टर्बोकडून जास्त हवा मागितली, की मात्र कंपनीचा डबा अपुरा पडायला लागतो. तिथे चांगला बंदिस्त इनटेक खरा उपयोगी पडतो. ज्यांनी असा सॉफ्टवेअर-बदल, म्हणजे रिमॅप, केलेला नाही, त्यांना मिळतो तो आवाज: टर्बोची शिटी, पाय काढल्यावरचा फुसकारा.

आवाज हा या सगळ्या खरेदीतला सगळ्यांत खात्रीचा भाग आहे आणि त्याला कमी लेखायचं कारण नाही. कंपनीच्या डब्याला जोडलेल्या बंद, रिकाम्या पेट्या अनेकांना निरुपयोगी वाटतात. त्या आवाज शोषणाऱ्या रेझोनेटर असतात. हवा आत ओढली जाताना उठणाऱ्या ठरावीक लहरी त्या मारतात. डबा काढला की तो दबलेला आवाज मोकळा होतो आणि गाडी जोरात पळते आहे असं कानाला वाटतं. ज्याला इंजिनाचा घोष आवडतो त्यानं त्यासाठी पैसे खर्च करावेत, हौसेला मोल असतं. फक्त ते ताकदीच्या नावाखाली विकत घेऊ नये. काही गाड्यांत पाइपची लांबी आणि त्या पेट्या मधल्या फेऱ्यांतल्या टॉर्कसाठी जुळवलेल्या असतात. त्या काढल्या की शहरात लागणारा खालचा दमच कमी होतो.

ताकद मोजणाऱ्या डायनो यंत्राचे तक्ते दाखवले जातात, त्यांच्याबद्दल एवढंच: चाचणी होताना बॉनेट उघडं होतं का, समोर मोठा पंखा होता का, आधी-नंतरच्या मोजण्या एकाच दिवशी आणि इंजिन सारखंच तापलेलं असताना झाल्या का, हे विचारा. उघड्या बॉनेटखाली उघडा फिल्टर चांगलाच दिसणार.

इथवर प्रश्न किती मिळतं याचा होता. माझ्या लेखी आपल्याकडे मोठा प्रश्न वेगळा आहे. एअर फिल्टरचं पहिलं काम हवा आत सोडणं नाही, धूळ बाहेर ठेवणं हे आहे. ज्या देशात हे किट वाढले तिथले बहुतेक रस्ते डांबरी. आपल्याकडे महामार्गाचं रुंदीकरण वर्षानुवर्षं चाललेलं असतं, कडेला खडीचे क्रशर, मुरमाच्या साइडपट्ट्या, उसाच्या ट्रॉल्यांनी उडवलेली काळी माती, कोकणात जांभ्याची लाल भुकटी. दख्खनच्या बेसाल्टमध्ये गारेचं प्रमाण थोडं असलं तरी त्यातले फेल्डस्पार आणि पायरॉक्सिनचे कण सिलिंडरच्या ओतीव लोखंडावर ओरखडे काढण्याइतके कठीण असतात. सर्वांत घातक कण ५ ते २० मायक्रॉनच्या आसपासचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या चौथ्या हिश्श्याहून लहान. पिस्टन रिंग आणि सिलिंडर यांच्यामधल्या तेलाच्या थराएवढेच ते असतात, त्यामुळे तिथे अडकतात आणि घासत राहतात. गाडी ऑइल खायला लागते, धूर येतो, मग मेकॅनिक रिंगा गेल्याचं सांगतो. तोवर फिल्टर बदलून तीन-चार वर्षं झालेली असतात आणि दोघांचा संबंध कोणाच्या डोक्यात येत नाही.

फिल्टरची क्षमता टक्क्यांत सांगतात आणि तिथेच फसगत होते. ९९ टक्के आणि ९७ टक्के यांच्यात फरक फक्त दोनाचा वाटतो. पण इंजिनाला जे जाळीत अडकलं त्याच्याशी देणंघेणं नाही, जे सुटलं त्याच्याशी आहे, आणि सुटलेलं एक टक्क्यावरून तीन टक्क्यांवर गेलं, म्हणजे तिप्पट. हिशेब करून बघा. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी १०,००० किलोमीटरला साधारण ६,००० घनमीटर हवा ओढते. त्या हवेत घनमीटरला एक मिलिग्रॅम धूळ धरली, तर एकूण सहा ग्रॅम. त्यातून ९९ टक्क्यांचा फिल्टर ६० मिलिग्रॅम सोडेल, ९७ टक्क्यांचा १८०. कच्च्या रस्त्यावर, पुढच्या ट्रकच्या धुरळ्यात धुळीचं प्रमाण याच्या कितीतरी पट असतं. एक अश्वशक्ती मिळवायची आणि आत जाणारी माती तिप्पट करायची, हा व्यवहार मला पटत नाही.

सगळे सुती फिल्टर वाईट असतात असं नाही. फिल्टर तपासण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे, आयएसओ ५०११ नावाची, ठरावीक चाचणी-धूळ ठरावीक वेगानं सोडून केलेली. चांगल्या कंपन्या त्या पद्धतीनं आपले फिल्टर तपासतात. तसा आकडा कुठेच छापलेला नसलेल्या, नावाची फक्त नक्कल केलेल्या स्वस्त शंकूंपासून मात्र दूर राहावं. त्यांची रबरी कड पाइपवर घट्ट बसत नाही आणि धूळ जाळीला वळसा घालून सरळ आत जाते. मोकळा श्वास, उत्तम गाळणी आणि धूळ साठवायची मोठी क्षमता हे तिन्ही गुण एवढ्याशा आकारात मिळत नाहीत, एक वाढवला की दुसरा घटतो. कंपनीच्या डब्यातला घड्या घातलेला कागद उलगडला तर दिसतं की अभियंत्यांनी त्या छोट्या चौकटीत किती मोठं क्षेत्रफळ बसवलं आहे.

धुळीचं गांभीर्य आपल्याकडे सगळ्यांत चांगलं कळतं ते शेतकऱ्याला. जुन्या ट्रॅक्टरला आणि महिंद्राच्या जुन्या जीपला ऑइल बाथ एअर क्लीनर असायचा. आत येणारी हवा तेलाच्या भांड्यावर आपटून वळायची, जड धूळ तेलात बसायची. नांगरटीच्या, रोटाव्हेटरच्या दिवसांत ते भांडं उघडून गाळ काढणं, तेल बदलणं हे रोजच्या कामात मोडायचं. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर वर आलेली नळी आणि तिच्यावरचा प्री-क्लीनर हाही त्याच अनुभवातून आला, की चाकांच्या धुरळ्यापासून जितक्या वरची हवा तितकी स्वच्छ. शहरातला कारमालक उलट जातो आणि फिल्टर चाकाजवळ खाली उतरवतो.

खाली उतरवलेल्या फिल्टरचा दुसरा धोका पावसाचा आहे, आणि तो महाराष्ट्रात तर पुस्तकी मुळीच नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईत किती इंजिनं गेली ते गॅरेजवाल्यांना आठवत असेल. नंतर २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगलीनं पूर पाहिला, आणि पुण्यातले अंडरपास तर एका वळिवानं भरतात. पाणी दाबलं जात नाही. १.२ लिटरच्या चार सिलिंडर इंजिनात पिस्टन वर आला की उरणारी जागा असते सुमारे ३३ घनसेंटिमीटर. म्हणजे दोन मोठे चमचे पाण्यानं ती भरते. त्याहून थोडं जास्त पाणी शिरलं की पिस्टन अर्ध्यात थबकतो, मागून फिरणारा क्रँक थांबत नाही आणि मध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनीनं सोंड बॉनेटच्या उंचीवर ठेवली ती यासाठी. बंपरमागे उतरवलेला पाइप टायरच्या निम्म्या उंचीच्या पाण्यातही घोट घेऊ शकतो. काही परदेशी उत्पादकांनी पाइपमध्ये मध्येच हवा घेणारी सुटका-झडप दिली आहे, फिल्टरवर चढवायची पाणी झटकणारी खोळही मिळते. पण खोळ शिंतोड्यांपुरती असते, साचलेल्या पाण्यात तिचा उपयोग नाही. साध्या विमा पॉलिसीत पाण्यानं अडकलेल्या इंजिनाची भरपाई सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं जादा कव्हर घ्यावं लागतं. आणि विमा कंपनीला न कळवता हवेची वाटच बदललेली असेल, तर सर्व्हेअरला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत खालचा पाइप काढून कंपनीचा डबा परत बसवणारे काही हौशी लोक आहेत. त्यांचं मला कौतुक वाटतं.

एवढं सगळं जाणून ज्याला बसवायचाच आहे, त्यानं निदान नीट बसवावा. किट आपल्याच मॉडेलचा आणि आपल्याच इंजिनाचा हवा. याचं कारण हवा मोजणाऱ्या सेन्सरमध्ये आहे. ज्या गाड्यांत मास एअर फ्लो सेन्सर असतो तिथे एक तापलेली तार किंवा पट्टी वाहत्या हवेनं किती थंड होते त्यावरून कॉम्प्युटर हवेचं वजन काढतो, आणि हे गणित ठरावीक व्यासाच्या पाइपसाठी बसवलेलं असतं. पाइप दोन-तीन मिलिमीटरनं मोठा निघाला तरी मोजणी चुकते. आपल्याकडच्या बऱ्याच लहान पेट्रोल गाड्या मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवा ठरवतात. त्यांच्या बाबतीत ही भीती कमी.

काम थंड इंजिनावर करायचं आणि आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडायची. डबा काढताना सेन्सरची वायर ओढायची नाही, लॉक दाबून कनेक्टर सोडवायचा, आणि सेन्सरच्या तारेला बोट किंवा कापड लावायचं नाही. डबा निघाला की थ्रॉटलचं तोंड स्वच्छ कापडानं बंद करून ठेवायचं, कारण तिथे पडलेला एक नट इंजिन संपवू शकतो. सेन्सर नव्या पाइपवर त्याच दिशेनं, ओ-रिंगसह बसवायचा. त्याच्यावर बाणाची खूण असते. इंजिनाच्या ब्रीदरची नळी बाहेर मोकळी सोडायची नाही, ती नव्या पाइपला जोडायचीच. ती तोडली तर तेलाची वाफ बाहेर पडते आणि न मोजलेली हवा आत शिरते. सिलिकॉनच्या जोडांवर जुबली क्लिप घट्ट आवळायची, पण रबर कापेल इतकी नाही. बॉनेट सावकाश मिटवून पाइप कुठे टेकत नाही ना ते बघायचं. बेल्ट आणि पंख्यापासून अंतर तपासायचं. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, त्यामुळे उभ्या गाडीत जे मोकळं वाटतं ते ॲक्सिलरेटर दाबल्यावर घासू शकतं. पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर सगळ्या क्लिपा पुन्हा आवळाव्यात. आयडलिंग वर-खाली होत असेल किंवा चेक इंजिनचा दिवा लागून मिश्रण पातळ असल्याचा कोड येत असेल, तर कुठेतरी हवा गळते आहे.

सुती फिल्टर धुतल्यावर सावलीत वाळवायचा, कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, आणि तेल बेतानं लावायचं. तेल जास्त झालं तर त्याचा थर सेन्सरच्या तारेवर चढतो आणि मोजणी बिघडते. कमी पडलं तर धूळ सुटते. कागदी फिल्टरलाही उलटी हवा मारून पुन्हा वापरायची आपल्याकडच्या गॅरेजची सवय मोडायला हवी, त्यानं कागदाचे धागे फाटतात आणि वरून तो स्वच्छ दिसतो.

कायद्याची बाजू धूसर आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकानं दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांपासून फारकत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या एका प्रकरणात हे ठामपणे सांगितलं. आरसीवर एअर फिल्टरचा उल्लेख नसतो, म्हणून अनेकजण हा बदल त्यात बसत नाही असं मानतात. पण २०१९ च्या दुरुस्तीनं बदललेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगीबाहेरचे सुटे भाग बसवून गाडी बदलणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, सांगितलं आहे. आवाज आणि धुराच्या मर्यादा ओलांडल्या तर कलम १९०(२) वेगळं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत, विशेषतः डिझेलमध्ये, हवेची मोजणी चुकली की काजळी वाढते आणि ती अडवणारा डीपीएफ फिल्टर तुंबतो, तो खर्च दंडापेक्षा मोठा. वॉरंटीचं भांडण वेगळंच.

कॅलिफोर्नियात याच वस्तूंसाठी नीट व्यवस्था आहे. तिथल्या वाहन संहितेच्या कलम २७१५६ खाली हवेच्या मार्गात बदल करणारा प्रत्येक किट राज्याच्या हवा संसाधन मंडळाकडून तपासून घ्यावा लागतो, मंजुरीचा क्रमांक मिळतो, आणि त्या क्रमांकाची पट्टी बॉनेटखाली चिकटवलेली नसेल तर गाडी धुराच्या तपासणीत नापास होते. आपल्याकडे सीएनजी किटसाठी असंच घडतं: एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेची मान्यता आणि आरसीवर नोंद. हवेच्या किटसाठी तशी वाट रुळलेली नाही, त्यामुळे चांगला किट आणि रस्त्यावरची नक्कल कायद्यापुढे सारखीच संशयित ठरते. १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय पुण्यातच आहे. हौशी ग्राहकांचा मोठा बाजारही याच पट्ट्यात आहे. मान्यतेची पद्धत सुरू करायची तर जागा हीच.

तोवर माझं मत असं. टर्बो नसलेल्या रोजच्या गाडीत कोल्ड एअर इनटेक बसवू नये. कंपनीच्या डब्यात वेळच्या वेळी बदललेला चांगला कागदी फिल्टर तिला पुरतो, आणि धुळीच्या भागात राहत असाल तर मॅन्युअलमधल्या खडतर वापराच्या तक्त्याप्रमाणे तो लवकर बदला. रिमॅप केलेल्या टर्बो गाडीला बंदिस्त, उंचावर तोंड असलेला, नावाजलेल्या कंपनीचा इनटेक चालेल. कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेसारख्या ट्रॅकवर गाडी नेणाऱ्यांनी त्यांना हवं ते बसवावं, त्यांचं इंजिन तासांच्या हिशेबानं उघडलं जातं. बाकी कोणीही दुकानात गेलात तर अश्वशक्तीचा आकडा सोडून द्या आणि दोन गोष्टी लेखी मागा: आयएसओ ५०११ नुसार फिल्टर किती टक्के धूळ अडवतो, आणि बॉनेट बंद ठेवून केलेल्या चाचणीत काय मिळालं. दोन्ही दाखवता आल्या नाहीत तर तो किट घेऊ नका.